ठिपक्यांची रांगोळी आणि एक सतरा अंकी पाहुणी

सदर : आकड्यांशी ओळख



या सदराचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. दर दिवाळीला एक संख्या घ्यायची, तिची नीट ओळख करून घ्यायची आणि फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या लहानथोरांना थोडं खाद्य मागे ठेवायचं. यंदाची पाहुणी अंगापिंडाने मोठी आहे. ही पाहा :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकदा मोठ्याने वाचा पाहू. घरातल्या शाळकरी मुलांना वाचायला दिलीत, तर ती तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतील : १२,३४५,६७८,९८७,६५४,३२१. म्हणजे बारा क्वाड्रिलियन, तीनशे पंचेचाळीस ट्रिलियन वगैरे वगैरे. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या इंग्रज आजोबांना विचारलंत, तर ते कदाचित थबकतील. त्यांच्या लहानपणी या देशात बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष होतं. सरकारी आकडेवारीने एक हजार मिलियनचा, म्हणजे अमेरिकी हिशेबाचा बिलियन स्वीकारला तो १९७४ साली. जुन्या मापाने आपली पाहुणी ‘बारा हजार तीनशे पंचेचाळीस बिलियन आणि काही’ एवढीच भरते. संख्या तीच, नाव मात्र देशाच्या आणि काळाच्या मर्जीवर.

आता आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्या : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. काय सुरेख जोड्या पडल्या पाहा! बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव, शहात्तर, चोपन्न, तीनशे एकवीस. मराठी शाळेत आकडे शिकणाऱ्या मुलांना हे म्हणायला लावा, जिभेला चांगला व्यायाम होतो.

आपण रोजच्या व्यवहारात कोटीवर थांबतो, भास्कराचार्य थांबले नव्हते. ‘लीलावती’त त्यांनी दहापटीने वाढत जाणाऱ्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत : एकं, दहं, शतं यांपासून कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपल्या संख्येचा पहिला एक सतराव्या स्थानावर, म्हणजे ‘मध्य’ स्थानावर बसला आहे. परार्धाच्या उंबऱ्यापर्यंत पाहुणी आली आहे म्हणा ना. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात कोरलेली आहे. एवढाल्या संख्यांना नावं ठेवणारी आणि ती शिकवणारी माणसं आपल्या खानदेशात होती, हे मुलांना जरूर सांगा.

आणि किती मोठी म्हणाल, तर सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता, मोजत बसलात तर हिच्यापर्यंत पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

ही आली कुठून?

मोठी संख्या समोर आली की घाबरायचं नाही, तिची लहान भावंडं शोधायची. शिडी मांडूया :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

लक्षात आलं ना? एक-एक ‘१’ वाढवत गेलं की उत्तरात अंक चढत जातात, शिखर गाठतात आणि तसेच उतरतात. नऊ एक घेतले, १११११११११ × १११११११११, की आपली पाहुणी हजर.

हे असं का होतं, ते १११ × १११ मध्ये दिसेल. आपण शाळेत शिकलो तसा उभा गुणाकार करा. दर ओळ एक घर डावीकडे सरकते :

००१११
०१११०
१११००
————
१२३२१

प्रत्येक उभ्या रकान्यात किती एक आले, एवढंच मोजायचं : एक, दोन, तीन, दोन, एक.

आता तुमच्या मुलाला किंवा नातवाला हाच गुणाकार करायला सांगा. इथल्या कित्येक शाळांतून चौकटीची पद्धत शिकवतात, म्हणजे ग्रिड मेथड. १११ म्हणजे १०० + १० + १. तीन उभे, तीन आडवे, अशी नऊ घरं काढायची, प्रत्येक घरात गुणाकार लिहायचा आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. त्या नऊ घरांत येतं ते असं : एका कोपऱ्यात १०,०००, मग तिरक्या रांगेत दोन हजार-हजार, त्यापुढच्या तिरक्या रांगेत तीन शंभर-शंभर, मग दोन दहा आणि समोरच्या कोपऱ्यात एक. पुन्हा तेच : एक, दोन, तीन, दोन, एक.

गृहपाठाच्या वेळी घरोघरी होणारा संवाद आपल्या ओळखीचा आहे. ‘आजी, तुमची पद्धत वेगळी आहे, आमच्या टीचर असं करत नाहीत.’ आजी बिचारी गप्प बसते, किंवा आई म्हणते, ‘बाबा, तुम्ही नका सांगू, त्याचा गोंधळ होतो.’ गुणाकार एकच आहे. आजी ओळी सरकवते, नातू घरं पाडतो. चौकट तिरकी धरली की आजीचे रकाने दिसतात. हे दोघांनी शेजारी बसून एकदा करून पाहिलं, तर पुढच्या पुष्कळ कटकटी वाचतील.

दारातली रांगोळी

आता दिवाळीकडे येऊ. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना ‘एक ते नऊ ते एक’ असं म्हटलं की पुरे. वर एक ठिपका, त्याखाली मधोमध दोन, मग तीन, असं करत नऊ, आणि मग उतरत परत एक. ठिपके एकूण किती? ओळीओळीने बेरीज करायची गरज नाही. रांगोळीकडे कोपऱ्यातून तिरकं पाहा. नऊ तिरक्या रांगा दिसतील आणि प्रत्येकीत नऊ ठिपके. नऊ नव्वे एक्याऐंशी.

हीच आपली संख्या आहे. नऊ एकांना नऊ एकांनी गुणलं की एक्याऐंशी वेळा ‘एक गुणिले एक’ होतं, म्हणजे एक्याऐंशी ठिपके. रांगोळीच्या पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, पाचवीत पाच, नववीत नऊ. ओळीतले ठिपके मोजून आकडे शेजारी शेजारी लिहिले की १२३४५६७८९८७६५४३२१ तयार. साहजिकच या संख्येतल्या अंकांची बेरीजही ८१ येते. करून पाहा, शिखराच्या दोन्ही बाजूंना छत्तीस-छत्तीस आणि मधे नऊ.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयाबाया अंगण सारवून, चिमटीतल्या रांगोळीने हा गुणाकार दारात मांडत आल्या आहेत. इथे सारवायला अंगण नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस रांगोळी टिकू देत नाही. हरकत नाही. ट्रेमध्ये काढा, खडूने पॅटिओवर काढा, नाहीतर चौकटीच्या वहीत पेन्सिलने ठिपके द्या.

कुळं आणि गोत्रं

माणसाची ओळख निघाली की आपण विचारतो, गाव कोणतं, घराणं कोणतं. गणिती लोकही संख्येला तेच विचारतात. आपल्या पाहुणीची उत्तरं अशी :

ती पूर्ण वर्ग आहे, हे झालंच. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच राहते, म्हणजे विलोमपदी आहे. ‘चिमा काय कामाची’ उलटं वाचून पाहिलं असेल, त्याच जातीची.

तिचे अविभाज्य अवयव काढायचे तर आधी नऊ एकांचे तीन-तीनचे गठ्ठे बांधा : १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ही ३३३६६७ अविभाज्य आहे. शंका असेल तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहा, फराळ पचेल. वर्ग केला की प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, म्हणून आपली संख्या म्हणजे चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७ यांचा गुणाकार. यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५ निघतात.

प्राचीन ग्रीकांनी आणखी एक कसोटी लावली होती. संख्येचे स्वतःखेरीज सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज बरोबर तेवढीच आली तर ती परिपूर्ण संख्या, जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. सहा परिपूर्ण आहे : १ + २ + ३. आपल्या पाहुणीचे विभाजक मिळवले तर तिच्या निम्म्याहून थोडेच जास्त भरतात, म्हणून एवढी धिप्पाड असूनही ती न्यून ठरते.

आणि आता सर्वांत गोड गोत्र. अंकांची बेरीज ८१. या ८१ ने संख्येला भागा. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला म्हणतात हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. १८ ही तशी, १ + ८ = ९ आणि ९ दुणे १८. गंमत म्हणजे आपल्या नऊ पायऱ्यांच्या शिडीवर सगळ्या पायऱ्या हर्षद नाहीत. १२१ ला ४ ने भाग जात नाही, १२३४३२१ ला १६ ने जात नाही. फक्त तीनच पायऱ्या हर्षद आहेत : पहिली, तिसरी आणि नववी.

डोंबिवलीचं नाव गणितात

‘हर्षद’ हा शब्द गणितात आणला तो एका मराठी शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ६१७४ च्या निमित्ताने हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर असेल. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता. तो कापरेकर स्थिरांक.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. या पारितोषिकाच्या नावात इंग्लंडशी धागा आहे. कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे पुण्याला परतून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. चित्रपट पाहणाऱ्यांना ओळख सांगायची तर सई परांजपे यांचे आजोबा.

कापरेकर १९२९ साली बी.एस्‌सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळेत शिकवलं. उरलेल्या वेळात संख्या आणि कागद. १९८६ साली ते देवळालीतच वारले.

आपल्या संख्येचं घराण्याचं नावही त्यांनीच ठेवलेलं आहे. १, १२१, १२३२१ या शिडीवरच्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. त्या घराण्यात १६५ किंवा २५५३ सारख्या संख्याही येतात, जिथे दोन टोकांची बेरीज मधल्या अंकाएवढी असते. हे डेमलो म्हणजे कोणी परदेशी गणिती नव्हे, ते जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली. त्या स्टेशनात कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, आणि त्यांनी स्टेशनचं नाव संख्यांना देऊन टाकलं. आपल्या मंडळात डोंबिवलीकर कमी नाहीत. त्यांनी यापुढे कॉलर ताठ करून सांगावं, की जगभरच्या संख्याकोशांत आमचं स्टेशन आहे.

हार्डीसाहेबांची हरकत

आता जरा अवघड प्रश्न. कापरेकरांच्या हयातीत पुष्कळ वर्षं व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांच्या कामाला फारशी किंमत दिली नाही. हे अंकांचे खेळ झाले, गणित नव्हे, असा सूर असायचा. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. कापरेकर तोवर सत्तरीचे झाले होते.

ही हरकत उडवून लावण्यासारखी नाही. केंब्रिजचे थोर गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी ती १९४० साली ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात स्पष्ट मांडली आहे. त्यांनी उदाहरण दिलं ८७१२ आणि ९८०१ यांचं. स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या या दोनच : ८७१२ म्हणजे ४ × २१७८ आणि ९८०१ म्हणजे ९ × १०८९. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरांना शोभतात, गणितज्ञाला त्यात रस वाटावा असं काही नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. कोड्यांचं सदर म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय ते! तेव्हा उत्तर देणं आपल्याला भाग आहे.

हेच हार्डी एकदा पटनीला आजारी रामानुजनना भेटायला गेले होते. लंडनमधल्या वाचकांना पटनी काही लांब नाही. टॅक्सीचा नंबर होता १७२९, आणि संख्या तशी निरस वाटते, असं हार्डी म्हणाले. रामानुजननी तत्काळ सांगितलं, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. एकाचा घन अधिक बाराचा घन, किंवा नवाचा घन अधिक दहाचा घन. हा किस्सा तुम्ही ऐकलेला असणार. त्याच टॅक्सीत कापरेकर बसले असते तर काय म्हणाले असते? १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९. हर्षद! वर १९ आणि ९१ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा.

दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, फरक असा. रामानुजनांचं निरीक्षण संख्येबद्दलचं आहे. तुम्ही ती रोमन आकड्यांत लिहा की दगड मांडून दाखवा, घनांची बेरीज बदलत नाही. कापरेकरांचं निरीक्षण संख्या दहाच्या पद्धतीत कशी लिहिली जाते यावर उभं आहे. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून दहाची पद्धत आली. मग कोणी विचारेल, की बोटांवर अवलंबून असलेल्या गोष्टीत खोल असं काय असणार?

हातच्याचं रहस्य

उत्तरासाठी शिडीची दहावी पायरी चढू. दहा एकांचा वर्ग :

१११११११११× पुढे आणखी एक १, त्याचा वर्ग = १२३४५६७९००९८७६५४३२१

डोंगराचं शिखर ढासळलं! आठ गायब, मधे दोन शून्यं. कारण मधल्या रकान्यात आता दहा ठिपके आहेत. दहा झाले की शून्य लिहायचं, हातचा एक. तो हातचा शेजारच्या नवाला मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठाला मिळून नऊ. आपली सतरा अंकी पाहुणी म्हणजे हातचा लागण्यापूर्वीचं शेवटचं शिखर आहे.

बोटं बारा असती तर? मग हातचा बारावर लागला असता आणि शिडी अकरा एकांपर्यंत शाबूत राहिली असती. बारावर हातचा ही या देशाला नवी गोष्ट नाही. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत इथली मुलं पेन्सचा हिशेब करताना बारावर हातचा घेत होती आणि शिलिंगचा करताना वीसवर. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया होता. ज्यांनी आणे-पै केली आहेत त्यांना सांगायला नको, की हातचा कुठे घ्यायचा हे माणसांनी ठरवलेलं असतं.

रांगोळीला मात्र हातचा माहीत नाही. एक ते दहा ते एक काढा, शंभर ठिपके सुबक बसतात. एक ते पन्नास ते एक काढायला अंगण आणि कंबर शाबूत असली तर अडीच हजार ठिपकेही तसेच बसतील. तिरकं पाहिलं की चौरस, आडवं पाहिलं की चढण आणि उतरण. हे सत्य बोटांवर अवलंबून नाही, रोमन आकड्यांतही टिकेल. हार्डीसाहेबांनाही ते गणित म्हणून मान्य करावं लागलं असतं.

तेव्हा माझं उत्तर असं. अंकांची नक्षी दिसली की तिथे थांबू नका, आणि तिला क्षुल्लक म्हणून टाकूनही देऊ नका. ‘हे असं का?’ विचारा. नक्षी दारात काढलेली असते, आत यावं म्हणून. १२३४५६७८९८७६५४३२१ ची नक्षी दहाच्या पद्धतीची आहे, पण ती आपल्याला ज्या ठिपक्यांपाशी नेते ते कोणत्याही पद्धतीचे नाहीत. देवळालीच्या मास्तरांनी अशी दारं शोधण्यात आयुष्य घालवलं. आत काय आहे ते पाहायला नंतर कित्येक जण गेले, आणि आजही जातात.

आपल्या घरांतून गणित म्हटलं की इलेव्हन प्लस, जी.सी.एस.ई., ट्यूशन, मार्क. ते हवंच, नाही कसं म्हणू? पण ‘याचा परीक्षेला उपयोग काय?’ हा प्रश्न आपणच मुलांना इतक्या लवकर शिकवतो, की ‘हे असं का?’ विचारायला त्यांच्याकडे जागा उरत नाही. कापरेकरांनी आपल्या संख्यांना ‘उपयोगी’ म्हटलं नाही, ‘हर्षद’ म्हटलं. एका शिक्षकाने हा शब्द निवडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

फराळानंतर

लहानांसाठी एक जादू. १२३४५६७९ ही संख्या पाठ करा, हिच्यात आठ नाही हे लक्षात ठेवा. आजोबांना त्यांचा आवडता अंक विचारा. समजा ते ७ म्हणाले. त्याला ९ ने गुणा : ६३. आता १२३४५६७९ × ६३ करा. उत्तर ७७७७७७७७७. कोणताही अंक चालेल. या संख्येची नऊपट म्हणजेच १११११११११, म्हणून हे जमतं. आणि हिचा वर्ग? तो तुम्ही वर पाहिलाच आहे : १५२४१५७८९९७१०४१.

मोठ्या मुलांसाठी. १ भागिले ८१ करा, लांब भागाकाराने, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं येत राहील. इथेही आठ गायब आहे, आणि इथेही चोर तोच आहे : दहावर लागलेला हातचा.

आता यंदाचं कोडं. एक ते दहा ते एक रांगोळीत ठिपके १००, पण दहा एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८२ च येते. अठरा कुठे गेले? हातचा दोनदा लागला आणि दर हातच्याला नऊ कमी झाले : दहा पुसून त्याजागी एक आला. हे समजलं असेल तर सांगा, अकरा एकांच्या वर्गात हातचा किती वेळा लागतो, आणि अंकांची बेरीज किती येते? अट एकच. उत्तर दोन पिढ्यांनी मिळून काढायचं, एकाने ओळी सरकवून आणि दुसऱ्याने घरं पाडून. दोघांचं जुळलं तरच बरोबर.

उत्तर पुढच्या दिवाळी अंकात, नव्या पाहुणीबरोबर. तोवर दिव्यांबरोबर ठिपकेही मोजत राहा. दिवाळी आनंदाची, म्हणजेच हर्षद, जावो!